ओटीतले दोन सेल

हिंगोली जिल्ह्यात कुणी फिरायला जात नाही, असं आमच्या इमारतीतल्या बायका म्हणतात. फार तर औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्यायचं आणि दिवस मावळायच्या आत नांदेड गाठायचं. मीही फिरायला गेले नव्हते. एका नर्सबाईकडून एक यंत्र काढून घ्यायला गेले होते. ते मी आणलं नाही, आणि त्यावरून पुण्यात माझ्यामागे काय बोललं जातंय तेही मला ठाऊक आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे. ज्यांना बोलायचंय त्यांनी निदान वाचून बोलावं.

यंत्र म्हणजे डॉप्लर. हातात मावेल एवढा असतो. गरोदर बाईच्या पोटावर जेल लावून त्याची दांडी फिरवली की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात आणि छोट्या पडद्यावर आकडा उमटतो. तीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळात असलीच यंत्रं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून एका छोट्या संस्थेच्या समितीत गेले. आमच्या संस्थेनं मराठवाड्यातल्या काही आरोग्य उपकेंद्रांना हे डॉप्लर दिले. सोबत चार्जिंगचे सेल, चार्जर आणि नियमांचा एक कागद. त्यातला चौथा नियम माझ्या हातचा. ‘या यंत्रात केवळ चार्जिंगचेच सेल वापरावेत. एकदा वापरून फेकायचे साधे सेल आढळल्यास यंत्र परत घेण्यात येईल.’

हा नियम मी लहरीनं लिहिला नव्हता. साधा सेल यंत्रात विसरला की तो पाझरतो, आणि आतल्या पत्र्यांवर हिरवट पांढरी बुरशी चढते. चांगली यंत्रं मी अशी मेलेली पाहिली आहेत. शिवाय ते फेकलेले सेल शेवटी उकिरड्यावर, नाहीतर विहिरीत जातात. तर सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका उपकेंद्रातली सिस्टर साधेच सेल वापरते, सांगून ऐकत नाही, अशी बातमी आली. आम्ही दोन पत्रं पाठवली. दोन्हींना मिळून तिचं एक ओळीचं उत्तर आलं: ‘यंत्र चालू आहे. सेलचं मी बघते.’

समितीतली मंडळी खवळली. मी तर जास्तच. “मीच जाते आणि घेऊन येते,” म्हणाले, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यातलं तिकीट काढलं.

वसमत

परभणीला उतरून एसटीनं वसमतला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. वसमत नाकाला आधी कळतं. हळदीच्या दिवसांत बाजार समितीच्या रस्त्यानं जाताना शिंका आवरत नाहीत, आणि पांढरा रुमाल घेऊन गेलात तर पिवळा घेऊन परत याल. ट्रकवर पोती, पोत्यांवर माणसं, माणसांच्या भुवयांवर हळद. आपल्याकडे हळद चिमटीनं घेतात. इथं ती फावड्यानं ओढतात.

बसस्थानकाजवळ एका लॉजमध्ये खोली घेतली. दुपारी सेलचं दुकान शोधलं, कारण भांडायला जाण्याआधी माहिती हवी. दुकानदार पांढऱ्या दाढीचे चाचा होते. चार्जिंगचे सेल मिळतील का विचारल्यावर त्यांनी वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं आणि फुंकर मारून त्यावरची धूळ माझ्याच दिशेनं उडवली.

“म्याडम, ये दो साल से बैठा है. कोई पूछताच नहीं.”

“का बरं? पैसे वाचतात, कचरा होत नाही.”

“लाइट का भरोसा हो तो चार्जिंग का भरोसा,” चाचा म्हणाले आणि पाकीट परत वर ठेवलं.

माझं मत काही बदललं नाही. अडाणीपणा आहे, म्हणत मी खोलीवर आले. माझ्याकडे चार उत्तम चार्जिंगचे सेल होते. रात्री निजताना ते चार्जरला लावले. पहाटे घामानं जाग आली तेव्हा पंखा बंद होता. सात वाजता उठले तर पंखा सुरू आणि चार्जरवर हिरवा दिवा. मालकाला विचारलं, लाइट किती वेळ गेली होती? तो म्हणाला, “आली व्हती, गेली व्हती, परत आली. हिशोब कोन ठिवतं?” हिरवा दिवा दिसला ना, मग झालं, असं म्हणून मी सेल डबीत घातले. हा हिरवा दिवा वाचकांनी लक्षात ठेवावा. मी ठेवला नाही.

कुरुंदा

सुरेखा सिस्टर दोन दिवसांच्या रजेवर कुरुंद्याला सासरी आहे असं फोनवर कळलं, म्हणून आधी कुरुंदा गाठलं. गाव मोठं आहे, पण घर सापडायला अडचण आली नाही. ज्या शेताच्या कडेला वाफेचा लोट दिसेल तिकडं जा, असं एकानं सांगितलं. ट्रॅक्टरला जोडून आणलेल्या लोखंडी पिंपांत हळद शिजत होती. शिजलेली हळद बायका घमेल्यांनी नेऊन अंगणात पसरत होत्या. त्यातली एक बाई कोपरापर्यंत पिवळ्या हातांनी पुढं आली. चाळिशीची, ठेंगणी, डोक्याला टॉवेल बांधलेला.

“मीच सुरेखा. यंत्र न्यायला आल्या ना?”

“हो.”

“न्या मंग. पर आधी जेवा. उपाशीपोटी भांडन बराबर होत न्हाई.”

भांडायला आलेल्या माणसाला येसरची आमटी वाढणं हा अन्याय आहे. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. ते उकळत्या पाण्यात सोडलं की अशी आमटी होते की ज्वारीची तिसरी भाकरी कधी संपली हे कळत नाही. वर ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं ते मी हळदीच्या धुरावर ढकललं.

हात धुवायला अंगणात गेले आणि थबकले. वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला गोणपाटावर सात-आठ पेन्सिल सेल ओळीनं मांडले होते, उन्हात, जसे पापड मांडावेत.

“हे काय आहे?”

“सेल,” सिस्टरचे सासरे म्हणाले. सगळे त्यांना आबा म्हणतात. कानाशी रेडिओ, अंगात बंडी. “ऊन दिलं की दम धरतेत.”

मी लगेच मास्तरीण झाले. आबा, उन्हानं सेल भरत नाही. थोडा गरम झाला की उरलासुरला जोर बाहेर काढतो, तो दम खोटा असतो, वगैरे. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पुन्याचं ऊन कमी पडत आसंल.”

सिस्टर हसली. ते सेल आधी डॉप्लरमध्ये वापरलेले, तिथून निवृत्त होऊन घड्याळात आणि आबांच्या रेडिओत जाणारे. पार मेले की उपकेंद्रातल्या एका बरणीत. म्हणजे बातमी खरी होती. मी सरळ विषय काढला.

“सिस्टर, नियम वाचला होतात ना?”

“वाचला. फळ्यावर चिकटवला बी.”

“मग?”

ती घमेलं खाली ठेवून माझ्यासमोर उकिडवी बसली. “म्याडम, साधा सेल सांगून मरतो. पडदा फिका होतो, आवाज बारीक होतो. मला कळतं, आजचं भागंल, उद्याचं न्हाई. तुमचा चार्जिंगवाला बोलता बोलता मरतो. तीन रेघा दाखवतो अन् खल्लास.”

“तुम्ही तो वेळेवर चार्ज करत नसाल.”

“लाइट वेळेवर आली तर मी बी वेळेवर करीन.”

तासभर आम्ही वाद घातला. मी म्हटलं, आता नवे चार्जिंगचे सेल चांगले येतात, कपाटात ठेवले तरी टिकतात. ती म्हणाली, तुमी दिलेले तसले हायत का? नव्हते. आम्ही स्वस्तातले दिले होते. हे मला माहीत होतं, आणि मी विषय बदलला. शेवटी ती म्हणाली, “यंत्र उपकेंद्रात हाय. उद्या माझी तांड्यावर तपासनी हाय. संगं चला, बघा, मंग खुशाल न्या. मी आडवी येनार न्हाई.”

उठताना माझी डबी सापडेना. खाटेवर ठेवली होती. शोधत अंगणात आले, तर गोदामाच्या तापलेल्या पत्र्यावर माझे चारही सेल नीट ओळीत झोपलेले, हाताला चटका बसेल असे. जेवणापासून तिथंच होते.

“तुमचे बी ठिवले,” आबा म्हणाले. “पाव्हन्यांचे काहून मागं ठिवायचे?”

एवढ्या प्रेमानं केलेल्या नुकसानीवर रागावायचं कसं, हे तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी शिकवलं नव्हतं. मी सेल फुंकून डबीत घातले. एका दुपारच्या उन्हानं काय होतंय, म्हटलं.

सिद्धेश्वर

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरच्या स्कूटीवर मागं बसून निघाले. एकसष्टाव्या वर्षी स्कूटीवर मागं बसणं हा प्रवासाचा भाग मानायचा की शिक्षेचा, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण धरणाच्या भिंतीजवळ गाडी थांबली आणि सगळे मणके गप्प झाले. पूर्णेचं पाणी लांबपर्यंत पसरलेलं, काठावर जाळी वाळत घातलेली, आणि एका टपरीवर नुकते धरलेले मासे तळणं चाललेलं. सकाळी साडेनऊला मी आयुष्यात मासे खाल्ले नव्हते. खाल्ले. मीठ, मिरची आणि हळद, बाकी काही नाही.

“इथं लोक बघायला येत नाहीत?” मी विचारलं.

“पावसाळ्यात येतेत. दरवाजे उघडले की फोटू काढाया. त्यायचे फोटू, अन् आमची लाइट जाती.”

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. सिस्टरनं कपाट उघडून डॉप्लर माझ्या हातात दिला. मी सवयीनं आधी मागचं झाकण काढलं, बुरशी शोधायला. आत सेलच नव्हते. पत्रे लख्ख, जसे मी पुण्याहून पाठवले होते तसे.

“काम झालं की सेल काढती. यंत्र उपाशी ठिवती,” ती म्हणाली. “पाझरायला पोटात काई पायजे ना?”

मी झाकण लावलं. चौथा नियम लिहिताना हे एवढंसं वाक्य मला सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं.

खालच्या कप्प्यात आमचे चार्जिंगचे सेल आणि चार्जर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले होते. सिस्टरनं सांगितलं, दिवाळी झाली की वरचा तांडा ऊसतोडीला जातो. लेकरंबाळं, म्हातारी माणसं, बैल, सगळं. दारं लावलेली राहतात आणि होळीला माणसं परततात. मधल्या चार महिन्यांत यंत्र क्वचित लागतं. सेल कपाटात बसल्या बसल्या आपोआप उतरतात, आणि मग एखादी बाई उसाच्या फडातून अवघडलेली येते तेव्हा ते रिकामे असतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकात उसाचा फड नव्हता, हे मी कबूल करते. कबूल करूनही माझी डबी मी पर्समध्ये घेतली. हट्ट हा माझा जुना आजार आहे.

वरचा तांडा

तांडा माळावर आहे. पस्तीस-चाळीस घरं, दारांत नुकत्याच उतरवलेल्या गाड्या, गोधड्या, भांडी. चार महिने बंद असलेली घरं शेणानं सारवणं चाललं होतं. होळी चार दिवसांवर होती, आणि एका घरामागं बायका लेंगी म्हणून बघत होत्या, ते होळीचं त्यांचं गाणं. आपल्याकडे सणाच्या तयारीत बायका दमतात. इथं दमलेल्या बायका सणाची तयारी करताना गात होत्या.

तपासणी जमनाबाईच्या ओसरीवर व्हायची. जमनाबाई सत्तरीची असेल, हातात हस्तिदंती रंगाच्या बांगड्या, नजर अशी की पुढचा माणूस आपोआप खरं बोलेल. तिनं मला काळा चहा दिला आणि सिस्टरला विचारलं, “हीच का ती? यंतर नेनारी?”

“हीच,” सिस्टर म्हणाली.

“तुमचे सेल कुठून येतात, बाई?” मी विषय हातात घेतला.

“वटीतून,” जमनाबाई म्हणाली.

मला वाटलं चेष्टा आहे. नव्हती. या तांड्यात सातव्या महिन्यात, आणि बाई उसाला जाणार असेल तर निघायच्या आधीच, ओटी भरताना नारळ, गहू, हळकुंड आणि दोन पेन्सिल सेल घालतात. पाकीट न फोडलेलं. ते सासूच्या पेटीत राहतं. त्यावर सिस्टर त्या बाईचं नाव लिहिते. बाईला कळा लागल्या, पडली, भ्याली, तर तिचे सेल तिच्यासाठीच निघतात. दुसरं कुणी हात लावत नाही.

“कुणी काढलं हे?”

“म्याच,” जमनाबाई म्हणाली. “थोरल्या सुनेच्या टायमाला. पाऊस लागला व्हता. दोन दिस लाइट न्हाई, वढ्याला पानी, रस्ता बंद. पोरगी म्हने, लेकरू हालत न्हाई. ही सिस्टर गुडघाभर पान्यातून आली, यंतर लावलं, अन् यंतर मेलेलं. लेकरू जितं हाय का न्हाई ठावं नसताना दोन दिस काढले आमी. तू काढशील?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“लेकरू जितंच व्हतं. थे बघ, तिकडं माती खाऊन राह्यली,” जमनाबाईनं अंगणातल्या एका पोरीकडं बोट केलं. “पर ते दोन दिस कोनी परत देत न्हाई. तवापासून मी म्हनलं, लाइटीच्या भरवशावर वटी भरायची न्हाई.”

मनात मी म्हटलं, ही नवीच प्रथा, नारळाशेजारी बॅटरी. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण सिस्टर माझ्याकडं बघत होती. तेवढ्यात जमनाबाईची धाकटी सून सविता आतून आली. नववा महिना लागलेला, आठ दिवसांपूर्वी फडावरून परतलेली. ती चटईवर टेकली आणि अगदी हळू म्हणाली, “सिस्टर, सकाळधरनं हाललं न्हाई.”

“काहून सांगितलं न्हाईस?” जमनाबाई ओरडली.

“म्या म्हनलं, सिस्टर येऊन राह्यल्या…”

सिस्टरनं तिला आडवं केलं आणि म्हणाली, “जमनाबाई, हिचे सेल काढा.” जमनाबाई किल्ली शोधायला कमरेला हात घालणार, तेवढ्यात मी पुढं झाले. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. “थांबा, वेळ कशाला घालवता? माझे भरलेले आहेत,” म्हणत मी डबी उघडली, दोन सेल यंत्रात घातले आणि बटण दाबलं. पडद्यावर तीनच्या तीन रेघा आल्या. मी सिस्टरकडं बघितलं. त्या नजरेची मला आज लाज वाटते.

सिस्टरनं जेल लावून दांडी फिरवली. खरखर. मग संथ धप्, धप्. “हे तुझेच हायत,” ती सविताला म्हणाली आणि दांडी खाली सरकवली. खरखर. पुन्हा खरखर. आणि मग काहीच नाही. पडदा काळा.

यंत्र बंद पडलं हे मला आणि सिस्टरला कळलं. सविताला कसं कळणार? तिनं एवढंच ऐकलं की आवाज होता आणि थांबला. ती आढ्याकडं बघत म्हणाली, “थांबलं का?” आणि मग एकदम “याडी!” अशी हाक मारली. याडी म्हणजे आई. तिची आई तिथं नव्हती, कुठल्या तरी दुसऱ्या तांड्यात होती. घरामागचं गाणं बंद झालं.

“यंत्र बंद पडलं ग, लेकरू न्हाई,” सिस्टर तिचा हात धरून सांगत होती, पण सविता ऐकत नव्हती. जमनाबाई आत गेली. पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. ती लाल कापडाची गाठ घेऊन आली, दातांनी सोडली. गहू सांडले, नारळ घरंगळला. सिस्टरनं पाकीट फाडलं, माझे सेल काढून बाजूला टाकले, सविताचे घातले.

किती वेळ लागला असेल? मिनिटसुद्धा नाही. मी तीस वर्षं असल्या यंत्रांची पोटं उघडली, पण पोटात लेकरू असलेल्या बाईशेजारी उभं राहून एक मिनिट कधी मोजलं नव्हतं.

मग तो आवाज आला. भरभर, एकसारखा, कुणीतरी लगबगीनं घरी निघाल्यासारखा. पडद्यावर एकशे बेचाळीस. सविता रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, “आनखी ऐकवा.” सिस्टरनं ऐकवलं. मग दांडी पुसून ठेवली आणि लगेच सरकारी गाडीला फोन केला. ठोके बराबर असले तरी हालचाल कमी म्हणजे डॉक्टरला दाखवायचंच, हे ती मला नव्हे, जमनाबाईला समजावत होती. तासाभरात गाडी आली. सविता जाताना स्वतःच्या पायांनी गाडीत चढली, सोबत थोरली जाऊ गेली.

मी ओसरीच्या कोपऱ्यात माझे दोन सेल हातात घेऊन बसले होते. लॉजमधल्या लाइटीनं ते पुरते भरलेच नव्हते? की आबांच्या उन्हानं उतरले? की मुळातच थकले होते? मला आजही सांगता येत नाही. चार्जिंगच्या सेलचा जोर जवळजवळ शेवटपर्यंत सारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो, हे मी नव्या मुलांना शिकवत आले, तेसुद्धा गुण म्हणून.

“आबांनी उन्हात ठेवले होते,” मी सिस्टरला म्हटलं. सांगायला काहीतरी हवं म्हणून.

“म्याडम,” ती म्हणाली, “हितं ऊन बी ऱ्हानार, आबा बी ऱ्हानार. लाइट जानार अन् तांडा उसाला जानार. ह्या समद्यात चालंल त्येच यंत्र माझं. पुन्यात चालतं ते घेऊन मी काय करू?”

मग तिनं डॉप्लरमधून सविताचे सेल काढले, पाकिटात परत घातले, आणि रिकामं यंत्र माझ्यापुढं धरलं. “घ्या. शब्द दिला व्हता, आडवी येनार न्हाई. पर नेताना तुमीच त्या पोरीला सांगा.”

मी हात पुढं केला नाही. “सिस्टर, माझं चुकलं,” एवढंच म्हटलं. हे शब्द मला जड जातात, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांना हे ठाऊक आहे.

परत

संध्याकाळची एसटी होती. निघताना जमनाबाईनं मला पाटावर बसवलं आणि पदर पसर म्हणाली. मी कॉटनचा ड्रेस घातला होता. पदर नव्हता. आणि मुळात मी लग्न केलेलं नाही. हळदीकुंकवाला मला बोलावतात, चहा देतात, पण ओटी भरायची वेळ आली की बायका माझ्यापाशी येऊन वळतात. चाळीस वर्षं मी ते न दिसल्यासारखं केलं आहे.

“बाई, मी सवाष्ण नाही,” मी म्हटलं. “माझी ओटी भरत नाहीत.”

“मी कुठं नवऱ्याची वटी भरून राह्यले?” जमनाबाई म्हणाली. “मी तुही भरून राह्यले. वढनी पसर.”

मी ओढणी पसरली. गहू, हळकुंड, नारळ, आणि वर दोन पेन्सिल सेल, पाकीट न फोडलेलं. सिस्टरनं पेन काढून त्यावर माझं नाव लिहिलं. मी रडले. हळदीचा धूर तिथं कुठंच नव्हता.

उपकेंद्रातून निघताना मी एक गोष्ट मात्र मागून घेतली: मेलेल्या सेलांची ती बरणी. पुण्यात त्यांची नीट विल्हेवाट लावता येते, विहिरीत जाणार नाहीत. यंत्र आणायला गेलेली बाई लोणच्याच्या बरणीत मेलेले सेल घेऊन आली, हे बघून समितीतल्या एका सदस्यांना हसू आवरलं नाही. मी त्यांना हसू दिलं.

मग मी चौथा नियम खोडला. तो मी लिहिला होता, खोडायचा हक्कही माझा. खाली नवा लिहिला. ‘रोज वापरात असेल आणि लाइटीची खात्री असेल तिथं चार्जिंगचे सेल चालतील. अडीअडचणीला धावून जाणाऱ्या यंत्रासोबत पाकीट न फोडलेले साधे सेल असलेच पाहिजेत. काम झालं की यंत्र उपाशी ठेवावं.’ ‘उपाशी’ हा शब्द नियमांच्या कागदात शोभत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला न शोभणारा तो एकच शब्द सगळ्या नर्सना एका वाचनात कळेल.

नवा नियम त्यांनी अजून मंजूर केलेला नाही. शिस्तीचा प्रश्न आहे म्हणतात. एकीला सवलत दिली की सगळ्या मागतील. मागू देत. सगळ्यांना द्या. सविताला आठव्या दिवशी मुलगी झाली, सिस्टरचा फोन आला होता. मागं ती पोर तारस्वरात रडत होती, सेलबिल काही न लागता.

परवाच्या बैठकीत अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, “मग यंत्र परत कधी येतंय?” मी पर्समधून माझ्या नावाचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ते कुठून आलं, हे सांगितलं.

“यंत्र तिथून उचलायचं असेल तर आधी हे त्या बाईच्या हातात परत द्यावं लागेल,” मी म्हटलं. “तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर एसटीची वेळ सांगते. मी जाणार नाही. ओटीत घातलेलं परत करत नाहीत.”